डाव्या हाताची फेरी

चष्म्याची काडी तुटली होती. ती बसवून आणायला म्हणून मी बाहेर पडलो होतो, एवढंच. मे महिन्यातली संध्याकाळ होती. भंडाऱ्यात आमच्या बाजूला एक लहान बस चालते. स्टँडवरून निघते, आमच्या वसाहतीला बाहेरून पूर्ण वळसा घालते आणि परत स्टँडवर येते. लोक तिला गोल गाडी म्हणतात. रिक्षावाला भलत्याच वाटेने नेईल अशी मला धास्ती असते. गोल गाडी चुकणार तरी कुठे?

वसाहतीच्या जागी पूर्वी शिंगाडे तलाव होता. तलावाचे मालक लक्ष्मणराव, त्यांनी तो मुरूम टाकून बुजवला आणि प्लॉट पाडले. भोवतीची मातीची उंच पाळ मात्र तशीच ठेवून तिच्यावर डांबर घातलं. बस त्या पाळीवरूनच फिरते, तलाव डाव्या हाताला ठेवून. वसाहत म्हणायचं होतं मला.

मी चढलो तेव्हा मागच्या दाराजवळ म्हातारी रुखमाबाई बसली होती. तिच्या मांडीवर नवं मडकं. मडक्याला भोक होतं आणि त्यातून पाण्याची बारीक धार खाली गळत होती.

"बाई, दोन फेऱ्या झाल्या, तू उतरूनच नाही राहिली," कंडक्टर कैलाश म्हणाला. "मडक्याची बी तिकीट फाडू का? सारी गाडी वली केली."

"गळू दे, बाबू. गळासाठीच भोक पाडलं. हे एक फेरी झाली का उतरतो."

पुढच्या थांब्यावर लक्ष्मणराव चढले. त्यांची गाडी गॅरेजात होती. पांढरी टोपी सारखी करत ते माझ्या शेजारी बसले आणि मागे मान वळवून म्हणाले, "काय रुखमा, कायचं मडकं व्हय?"

"आमच्या बुढ्याचं."

 तिचा नवरा गोमाजी या तलावाचा पाणकर होता. तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात. बुडी मारून ते उघडायचं आणि ज्याची पाळी त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी पोचवायचं, हे त्याचं काम. तलाव बुजवला त्या दिवसापासून तो कोणाला दिसला नाही.

"तो तं नागपूरले पळाला ना," लक्ष्मणराव हसले.

"पळनारा मानूस चप्पल पाळीवर ठेवून जाते का, मालक? तुमीच बोलले, शेवटचं तुडूम खोलून दे, गोमाजी. तो खाली असतानीच टिप्पर रिकामे केले तुमी. मले प्रेत बी नाही भेटलं. आगीभोवतीची फेरी मी काहाभोवती मारू?"

लक्ष्मणरावांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "सर, तुमी एवढे शिकलेले. सांगा इले, मेलेला मानूस वापस येते का?"

"नाही येत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही. ज्ञान कशाला म्हणावं यावर मी प्रबंध लिहिला आहे, पण साध्या प्रश्नालाही मला कधी ठाम उत्तर देता आलेलं नाही.

बाहेर अंधारलं होतं. ड्रायव्हरने आतला एकच मिणमिणता दिवा लावला होता. गरम वाऱ्यातून कुठून तरी गाळाचा, कुजलेल्या शिंगाड्याच्या वेलींचा वास यायला लागला. जुनं तुडूम होतं त्या वळणावर रुखमाबाईने बस थांबवायला सांगितली. दारात आमच्याकडे पाठ करून तिने मडकं खांद्यावर घेतलं.

"आता कोनी मागं पाहू नोका," ती म्हणाली.

मडकं फुटलं. ती उतरली आणि न वळता चालत गेली.

लक्ष्मणराव वळले.

"सर..." ते कुजबुजले. "तिच्या सीटवर... कोन हाय?"

मी मान वळवली नाही, हे खरं आहे. पण समोरच्या काळ्या काचेत मागची सीट दिसत होती. काचेत पाहणं म्हणजे मागे पाहणं होतं का? तेव्हापासून मी हाच विचार करतो आहे. सीटवर एक डोकं होतं. केस कपाळाला चिकटलेले होते. ते डोकं लक्ष्मणरावांच्या दिशेने वळत होतं, अगदी सावकाश...

"थांबव! मले उतरू दे!"

बस त्यांच्या फाटकापाशीच थांबली. मागच्या सीटकडे न पाहता, आधाराच्या दांड्या धरत धरत ते दारापर्यंत गेले आणि पायरीवर थबकले.

"खाली पानी हाय."

"मालक, मे महिना हाय," कैलाश पुढूनच ओरडला. "नळाले बी पानी नाही, अन् रोडवर कुठून येईल? उतरा लवकर."

माणूस बसमधून उतरला की त्याचं डोकं थोडंसं खाली जातं. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांचं डोकं खाली गेलं, आणि जातच राहिलं. घाटाच्या पायऱ्या उतरावं तसं. खांदे गेले. मग हनुवटी. त्यांनी हात वर केला नाही. कोणीतरी दोन्ही हात खालून धरले असावेत.

"उतरले का?" कैलाशने विचारलं.

"उतरले," मी म्हणालो.

कोरड्या डांबरावर टोपी तेवढी पडली होती. पोलिसांनाही मी तेच सांगितलं, की ते उतरले. त्यांनी रुखमाबाईला विचारलं. ती म्हणाली, "माहा बुढा मोकळा झाला. बाकी मले मालूम नाही." त्यांनी नागपूरपर्यंत शोध घेतला.

माझी दृष्टी अधू आहे, वयही झालं आहे. मी पाहिलं ते तसंच घडलं, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या या खोलीच्या भिंतीवर एक ओली रेघ उमटली आहे, पातळी लावून ओढावी तशी सरळ. शेजाऱ्यांच्या भिंती कोरड्या आहेत. प्लंबर म्हणाला, वरच्या टाकीतून झिरपतं आहे. असेलही. मात्र झिरपणारं पाणी वरून खाली येतं, आणि ही रेघ काल सकाळी फरशीला लागून होती.

तुम्ही तिथे भिंतीला टेकून बसला आहात, म्हणून विचारतो. दिवा जरा जवळ घ्या, आणि हात मागे नेऊन बघा.

सदरा कुठपर्यंत ओला झाला आहे?