एदमेबाईंच्या मेजावर

"काम अगदी साधं होतं. घड्याळ घ्यायचं, उतार उतरून माझ्या घरी यायचं, ते माझ्या हातात द्यायचं आणि परत जायचं. एवढंही ज्याला जमलं नाही," मोस्यू पेरनू म्हणाले, "तो निघाला होता घड्याळ उघडायला."

म्हणाले ते फ्रेदी व्वीयबद्दल, पण बघत होते माझ्या नवऱ्याकडे. बाझिलने नुकताच मागवलेला स्क्रू-ड्रायव्हरांचा डबा त्यांच्याच घरच्या टेबलावर मोठ्या हौसेने उघडून ठेवला होता. मोस्यू पेरनूंनी आमच्या ल लोक्ल गावात पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्या डब्याकडे ते असे बघत होते की जणू कोणी त्यांच्या पुढ्यात शिळा मासा ठेवलाय.

"आणि गुरू कोण? फोन!"

"व्हिडिओत सगळं नीट दाखवतात, मोस्यू पेरनू."

"दाखवतात ना. फ्रेदीलाही दाखवलं होतं."

बाळ माझ्या खांद्यावर नुकतंच झोपलं होतं. चार महिन्यांच्या बाळाच्या आईने रात्री ऐकलेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवावा, ते तुम्हीच ठरवा. पण हे बाझिलनेही ऐकलंय. पुढचं सगळं मोस्यू पेरनूंच्या तोंडचं.

फ्रेदी नगरपालिकेत कारकून. त्याची आई एदमे घरी बसून चाळीस वर्षं हेअरस्प्रिंगा बसवायची. हेअरस्प्रिंग म्हणजे केसाहून बारीक पोलादी वेटोळं, घड्याळाचा श्वास म्हणा. तिने फ्रेदीला आपल्या मेजाला कधी हात लावू दिला नाही. "तुझे हात पाव कापायला ठीक आहेत," म्हणायची. चूक झाली की बोलायची नाही, जिभेने नुसतं 'च्च' करायची. ते 'च्च' ऐकून मीसुद्धा हातातला चिमटा खाली ठेवायचो.

एदमे शरद ऋतूत गेली. जाताना स्वतःचं घड्याळ नातीला, सोलेनला दिलं. "दृढीकरणाच्या दिवशी हे तुझ्या मनगटावर चालत असलं पाहिजे. वचन दे," असं फ्रेदीकडून वदवून घेतलं. हिवाळ्यात घड्याळ बंद पडलं. दृढीकरण म्हणजे पोरं मोठी झाली की चर्चमध्ये श्रद्धा पक्की करायचा विधी; तो रविवारी, चोवीस मार्चला, सकाळी दहाला. आदल्या दिवशी दुपारी बायकोने त्याला माझ्याकडे पाठवलं. शहाणा अर्ध्या वाटेवरून परतला. म्हणाला, मीच करतो! तीन महिने व्हिडिओ बघितले होते ना!

रात्री नऊला तो आईच्या मेजाशी बसला. मागचं झाकण उघडलं. आत कोरलेल्या बारीक खुणा. आमच्यात प्रत्येक दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत आपली अक्षरं आणि तारीख कोरतो. पण केव्हा? घड्याळ एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र बरोबर चाललं की मग. त्याआधी नाही. आणि या कारकुनाने काय केलं? सुई घेतली आणि आधीच कोरलं. एफ. व्ही., चोवीस मार्च.

च्च.

त्याला वाटलं, हीटर वाजला.

मग त्याने मुख्य स्प्रिंगचा ताण न सोडताच चाकांना रोखून धरणारा आतला काटा उचलला. शिकाऊ पोरगा पहिल्या आठवड्यात हे करतो आणि कानाखाली खातो. चाकं झर्रकन फिरून गेली.

च्च.

हीटर बंद होता. त्याने हात लावून पाहिला.

तरी थांबला नाही. आधी काढलेलं बॅलन्स चाक परत बसवताना चिमटा घसरला, त्याला जोडलेली हेअरस्प्रिंग अडकली, ओढली गेली. वेटोळ्याचा गुंता. संपलं. नवी मिळायला पंधरा दिवस. हातात होती एक रात्र.

तो रडला. मला स्वतः सांगितलं, याच खुर्चीत बसून.

दोनला वीस मिनिटं होती. मेजावरचा दिवा खाली आला. आपोआप. एदमे बुटकी होती... तिच्या डोळ्यांना लागायचा तेवढाच खाली.

बेंझिनचा वास आला. एदमे सुटे भाग त्यानेच धुवायची.

मग कानाशी... "ऊठ."

तो उठला. कोपऱ्यात गेला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा. मागे खुर्ची सरकली. चिमटा वाजला. मग बराच वेळ काही नाही...

त्याने वळून पाहिलं नाही.

मग... टिक. टिक. टिक.

उजाडेपर्यंत तो तसाच उभा. वळला तेव्हा मेज पुसलेलं होतं. घड्याळ बंद झाकणाने मधोमध, चालू. दहा वाजता सोलेनच्या मनगटावर होतं. पोरीने ते दिवसभर काढलं नाही, झोपतानाही नाही. सोमवारी सकाळी ती शाळेला निघाली तेव्हा फ्रेदीने ते तिच्या हातावरून उतरवलं आणि तडक माझ्याकडे आला.

मोस्यू पेरनू थांबले. ग्लासात उरलेला घोट त्यांनी संपवला.

"तुम्ही उघडलंत?" बाझिलने विचारलं.

"उघडलं. हेअरस्प्रिंग अशी बसवलेली, की पन्नास वर्षांत माझ्या हातून तशी एकदाही जमली नाही. झाकणावरचं एफ. व्ही. घासून काढलेलं. खूणसुद्धा नाही. जणू तो कार्टा त्या मेजाशी कधी बसलाच नव्हता."

"आणि... तिची अक्षरं?"

"होती. ई. व्ही. खाली तारीख."

"चोवीस मार्च," बाझिल हळूच म्हणाला.

"नाही रे. एदमे नियम मोडणारी नव्हती." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरांच्या डब्याचं झाकण एका बोटाने लावून टाकलं. "पंचवीस."

मी मनात मोजत होते... रविवारचा पूर्ण दिवस, पूर्ण रात्र. म्हणजे अक्षरं कोरली तेव्हा घड्याळ झोपलेल्या पोरीच्या मनगटावर. मागचं झाकण खाली, तिच्या कातडीला टेकलेलं.