बाबांच्या नंबरावरून

मोबाइलवर ‘बाबा’ असं उमटलं म्हणून तिनं घाईघाईनं फोन उचलला, तर पलीकडून दादा बोलत होता. बाबा गेले, एवढंच म्हणाला. बाहेर अंधार पडला होता आणि वीज अजून आलेली नव्हती.

हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. तपासनीस बाई ऐकत होत्या. कोपऱ्यात मास्तर बसले होते. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे मास्तर बाईंचे जुने स्नेही. ते तपासाला सोबत जात, जागेचे नकाशे काढत आणि जवळजवळ दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत.

बाबांची फुप्फुसं थकली होती. मुलाच्या घरी, वरच्या मजल्यावर ते पडून असत आणि विजेवरचं यंत्र त्यांना प्राणवायू देई. वीज गेली की उशाशी असलेल्या घरच्या फोनवरून ते खालच्या शिंप्याला बोलवत. त्याच्याकडे किल्ली असे. तो वर येऊन सिलिंडर जोडून देई. हे कितीदा तरी झालं होतं. मोबाइलची काच मात्र बाबांच्या थरथरत्या बोटांना दाद देत नसे.

त्या दिवशी वीज गेली, पण शिंप्याला फोन आलाच नाही. रिसीव्हर पलंगाखाली लोंबकळत सापडला.

“तुम्ही फोन केला होतात?” बाईंनी विचारलं.

“सकाळी केला. आमच्याकडचीही वीज गेली तेव्हा लगेच बाबांची आठवण झाली. संपर्क होऊ शकत नाही, असं ऐकू आलं. मग माझी मीटिंग सुरू झाली.”

बाई आणि मास्तर आधी शिंप्याकडे गेले. तो दिवसभर दुकानातच होता. पूर्वी वीज गेली की तो न बोलावताही वर डोकावे. पण नवा फोन बसल्यावर मुलानं त्याला सांगितलं होतं, की बाबांची झोपमोड होते, फोन आला तरच जा. फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं समजून तो शिवत बसला.

नवा फोन बसवणारा फिटर तरुण आणि बोलका होता. जुन्या तारेतून फोनपुरती वीज एक्स्चेंजकडूनच यायची, तो म्हणाला; नव्या फायबरमधून नुसता उजेड येतो. फोन चालवणाऱ्या पॅसेजमधल्या डबीला घरची वीज लागते, म्हणून त्यानं शेजारी बॅटरी बसवली होती. पूर्ण भरलेली बॅटरी चारेक तास चालते. घरात तेव्हा बाबा आणि मुलगा होते. प्लग काढून त्यानं मुलाला सगळं नीट दाखवलं होतं.

“बॅटरीच खराब निघाली असेल,” बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. “हाच तो.”

बाई मुलाच्या घराकडे वळल्या.

सूनबाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. फोन बसला तेव्हा त्या माहेरी होत्या. ती डबी म्हणजे इंटरनेट, एवढंच त्यांना ठाऊक. नवऱ्याला परदेशी बदली मिळत होती, सासऱ्यांमुळे दोनदा सोडावी लागली, हे त्यांनी न विचारता सांगितलं. त्या दिवशी दोघं बरोबर निघाले, बरोबर परतले. घरात शिरल्यावर नवरा आधी पॅसेजमध्ये टॉर्च शोधत राहिला, मग वर गेला. पाण्याचे तेवढे हाल झाले नाहीत, त्या म्हणाल्या. पंप बंद असूनही पिंपं भरलेली होती. सकाळी त्यानंच भरून ठेवली होती.

मुलगा शांत होता. दिवसभर वीज जाणार अशी सूचना पेपरात आली होती, पण ती आपल्याला माहीत नव्हती, ऑफिसात गेल्यावर कळलं, असं तो म्हणाला. बॅटरी आहे तिथंच होती. मास्तरांनी प्लग काढून पाहिला, तर फोन व्यवस्थित चालू.

बाईंनी सगळ्यांना बाबांच्या खोलीत बोलावलं. पलंगावरची गादी काढून टाकलेली होती.

“ही बॅटरी फार विचित्र वागली,” त्या म्हणाल्या. “सकाळी वीज नुकतीच गेली होती, बॅटरी भरलेली असणार, तरी फोन बंद. रात्री ती केव्हाच संपायला हवी होती, तर याच फोनवरून बहिणीला निरोप गेला; तिच्या मोबाइलवर ‘बाबा’ असं उमटलं. तेव्हाही वीज नव्हती.”

“बिघडलेली बॅटरी अशी सुधारत नाही,” मास्तर हळूच म्हणाले.

“नाही. सकाळी ती काढून ठेवली होती, म्हणून दिवसभर भरलेलीच राहिली. रात्री परत बसवली. घरात तिची माहिती बाबांना होती, ते अंथरुणाला खिळलेले, आणि यांना. वीज जाणार हे माहीत नव्हतं म्हणतात, मग पिंपं कशाला भरली? शिंप्याला वर जायची मनाई कशाला? आणि घरी आल्यावर बाप कसा आहे हे पाहण्याआधी हे पॅसेजमध्ये थांबले. टॉर्चसाठी नव्हे.”

मुलानं नाकारलं नाही.

“दर हिवाळ्यात डॉक्टर सांगायचे, आता फार दिवस नाहीत,” तो म्हणाला. “आणि दर उन्हाळ्यात ते जिवंत असायचे.” मग तो बहिणीकडे वळला. “पण तू कशाला रडतेस? वीज गेल्याचं तुला कळलं होतं. फोन बंद आहे हेही कळलं होतं. शिंप्याचा नंबर तुझ्याकडे होता. तू तो लावशील म्हणून मी दिवसभर धास्तावून होतो.”

पोलिसांना बाईंनी आधीच कळवलं होतं. ते येऊन त्याला घेऊन गेले.

जिन्यात बहिणीनं बाईंचा हात धरला. “मी शिंप्याला फोन केला असता तर?”

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. एकदा, फक्त एकदा बाईंनी खोटं बोलावं, असं मास्तरांना मनापासून वाटलं.

“डॉक्टरांच्या मते ते दुपारपर्यंत होते,” बाई म्हणाल्या. “वाचले असते.”