शाई साडेतीनच्या विमानात

त्या पत्राला आजोबांनी उत्तर दिलंच नव्हतं.

पत्र चार ओळींचं होतं. त्यात एकच साधा प्रश्न विचारला होता. दुसरं कोणी असतं तर फोन करून मोकळं झालं असतं. पण आजोबा फोनवर बोलत नसत. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, मग आपण चुकीचं बोलतोय हे कळणार कसं, असं त्यांना वाटे. जन्म सगळा ग्रंथालयात गेलेला, त्यामुळे पत्र लिहिणं त्यांना जमायला हवं होतं. पण त्यांनी उत्तर चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. एक फार लांबलं, एक तुटक वाटलं, एकात शाईचा डाग पडला आणि चौथ्यात आपण खोटं तर लिहीत नाही ना, अशी शंका आली. शेवटी ते पत्र एका पुस्तकात गेलं, पुस्तक खोक्यात आणि खोकं जहाजाने पुढे गेलं.

प्रश्न काय होता, ते मुलांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

“ताई! ए ताई, लवकर ये! शाई पिंजऱ्यात गेली!” टिल्लू हॉलमधून ओरडला.

“कोणी ढकललं तिला?”

“कोणीच नाही! आपणहून गेली!”

ताई हातातलं दोरीचं बंडल टाकून धावली. घर रिकामं झालं होतं. भिंतींवर कपाटांच्या चौकोनी खुणा तेवढ्या उरल्या होत्या. परवा सगळे विमानाने दूरच्या देशात राहायला जाणार होते. आई, बाबा, ताई, टिल्लू, आजोबा आणि आजोबांची काळीभोर मांजर शाई. ती शाई प्रवासाच्या पिंजऱ्यात पाय दुमडून आरामात बसली होती.

“अगं बाई! शहाणी झाली की!” शेजारची बॅटरी म्हणाली. तिच्या चष्म्याची भिंगं एवढी जाड होती, की खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं.

ताई मात्र हसली नाही. महिनाभर ते शाईला पिंजऱ्याची सवय लावत होते. टिल्लूच्या हातावर त्या सवयीचे अकरा ओरखडे होते. बाबांच्या नाकावर एक होता. मग घर आवरताना ती खोक्यांत हरवू नये म्हणून तिला आठवडाभर मांजरांच्या पाळणाघरात ठेवलं आणि काल संध्याकाळी परत आणलं. कालपासून ती आजोबांच्या पुस्तकावर एकदाही येऊन बसली नव्हती.

“आजोबा, ही अशी का वागतेय?” ताईने विचारलं.

खिडकीपाशी उरलेल्या एकमेव खुर्चीत आजोबा बसले होते. त्यांनी पुस्तक खाली घेतलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. “बावरली असेल,” ते हळूच म्हणाले.

“बावरलेली मांजर पिंजऱ्यात घोरते?” टिल्लू म्हणाला.

ताईने पिंजऱ्याचं दार लावलं. “डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. आत्ता! तसंही आज तिच्या प्रवासाचा दाखला घ्यायचाच आहे.”

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मांजर टेबलावर घेतली. तिच्या खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी, ओळखीच्या नंबरची चिप होती. त्यावरून त्यांनी रिमोटसारखं यंत्र फिरवलं. टुंईं! पडद्यावर आकडे उमटले.

“शेवटचे तीन वाच गं.”

“आठ, सहा, दोन,” बॅटरी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. मग परत यंत्र फिरवलं. मग चष्मा काढून पुसला. “कागदावर चार, एक, सात आहे.”

“म्हणजे यंत्र बिघडलंय?” टिल्लूने घाबरत घाबरत विचारलं.

“नाही रे बाळा. ही शाई नाही.”

टेबलावरची परकी मांजर शांतपणे पंजा चाटत होती. कालची रात्र आपण हिच्या अंगावर हात ठेवून झोपलो, हे आठवून टिल्लूने हात मागे घेतला. मग त्याला तिचीही दया आली आणि त्याने हात परत ठेवला.

“मग शाई कुठंय?” तो म्हणाला. त्याचा आवाज पार बारीक झाला होता.

पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. तिघं पिंजरा घेऊन धावत सुटली. पाळणाघराच्या मावशी दारातच ब्रश धूत होत्या. पिंजऱ्यात डोकावून पाहताच त्यांच्या हातातला ब्रश बादलीत पडला.

“तरी मी विचारलं होतं!” त्या जवळजवळ रडकुंडीला आल्या. “आजोबांना पत्र लिहिलं होतं मी! या आठवड्यात माझ्याकडे दोन काळ्या मांजरी आहेत, गळ्यातले पट्टे धुताना अदलाबदल झाली की काय कळत नाही, तुमच्या मांजरीची एखादी खूण कळवा, म्हणून! उत्तरच नाही!”

“मग तुम्ही कसं ठरवलंत?”

“मी म्हटलं, आजोबा किती शांत आहेत. तेव्हा जी शांत, ती त्यांची असणार.”

“आणि दुसरी? ती कुठंय, मावशी?” ताईने त्यांचा हात धरला.

मावशींनी ओल्या हाताने कपाळ पुसलं. “तिची मालकीण गेल्या महिन्यातच परदेशी गेली. एजंट आज सकाळी मांजरीला विमानतळावर घेऊन गेला. कार्गोने पाठवायला. साडेतीनचं विमान आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

“पण तिथे कोणीतरी तपासेलच ना?” टिल्लू म्हणाला.

“तिकडे उतरल्यावर नक्की तपासतील,” बॅटरी म्हणाली. असले नियम ती आवडीने वाचत असे. आज मात्र ते सांगताना तिची जीभ अडखळत होती. “नंबर जुळला नाही, की मांजरीला वेगळं कोंडून ठेवतात. महिनोन् महिने. आणि ती कोणाची, हे तिथे कोणालाच ठाऊक नसेल...”

“पुरे, बॅटरी!”

मावशी एजंटाला फोन लावत राहिल्या. त्याचा फोन बंद होता. आईबाबांचेही फोन बंद होते. ते दोघं व्हिसाच्या कचेरीत रांगेत उभे होते आणि तिथे फोन दारातच काढून घेत. घरी एकच मोठं माणूस होतं.

ताईने धापा टाकत सगळं सांगितलं, तेव्हा आजोबांच्या मांडीवरचं पुस्तक घसरून खाली पडलं. त्यांनी ते उचललंसुद्धा नाही.

“टॅक्सी थांबवा,” ते म्हणाले.

टॅक्सीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पिंजरा टिल्लूच्या मांडीवर होता. प्रत्येक सिग्नल लाल होता, निदान तिघांना तसं वाटत होतं.

“आजोबा, तुम्ही उत्तर का नाही पाठवलं?” टिल्लूने शेवटी विचारलं. ताईने त्याला कोपर मारलं.

“लिहायला बसलो होतो,” आजोबा म्हणाले. “पण खूण काय सांगणार? नखापासून शेपटीपर्यंत काळी. डोळे हिरवे लिहिलं, मग वाटलं, पिवळट तर नाहीत? एवढी वर्षं ती माझ्या पुस्तकावर बसतेय आणि मला तिच्या डोळ्यांचा रंग सांगता येईना. लाज वाटली रे. मग वाटलं, मावशींना कळेलच.” त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. “ती अंधारात असेल का रे आता?”

टिल्लू आजोबांना बिलगून बसला.

कार्गोची इमारत विमानतळाच्या मागच्या अंगाला होती. मोठमोठे पत्र्याचे दरवाजे, खोक्यांनी लादलेल्या ट्रॉल्या आणि विमानांचा असा आवाज, की छातीत धडधडावं. इथे मोठी माणसंही दचकत होती, मग शाईचं काय झालं असेल? काचेच्या खिडकीमागे एक कारकून शिक्के मारत बसला होता. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

“साडेतीनच्या विमानातली मांजर थांबवा!” ताई म्हणाली. “ती आमची आहे!”

कारकुनाने मान वर केली. “मोठं कोणी आहे का बरोबर?”

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या कपाळावर घाम फुटला होता. “अं... ते असं आहे... म्हणजे माझी जरा...”

“हे बघा, काका,” कारकून म्हणाला, “त्या मांजरीचे कागद पूर्ण आहेत. चिप तपासून झाली आहे. आठशे बासष्टने संपणारा नंबर. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. ती आत गेली. आता काही होत नाही. पुढे कोण आहे?”

पुढे कोणीच नव्हतं, तरी तो पुढे बघत राहिला.

“चिप तपासून झाली?” ताईने बॅटरीकडे पाहिलं. बॅटरीने ताईकडे पाहिलं. आठशे बासष्ट!

“काका,” ताई एकदम गोड आवाजात म्हणाली, “ते यंत्र कसं चालतं हो? आमच्या मांजरीवर एकदा दाखवा ना! आम्ही परवा जाणार आहोत. तेव्हा आमची पंचाईत नको.”

“एकदाच! मग आम्ही निघालो!” टिल्लूने पिंजरा खिडकीवर चढवला.

कारकुनाने सुस्कारा सोडला. टेबलाखालून यंत्र काढलं. त्यावर धूळ होती. त्याने ती फुंकली आणि पिंजऱ्यात हात घातला. परकी मांजर शहाण्यासारखी बसून राहिली. टुंईं!

“हं. आला बघा नंबर. नऊ, आठ, पाच...” तो मोठ्याने वाचत गेला आणि शेवटी शेवटी त्याचा आवाज उतरत गेला. “...आठ... सहा... दोन.”

त्याने यंत्राकडे पाहिलं, मग समोरच्या कागदाकडे.

“काका,” बॅटरीने चष्मा सावरत विचारलं, “तुमच्या कागदावरची मांजर इथे आहे. मग आत कोण बसलंय?”

कारकुनाचा चेहरा पांढरा पडला. “एजंटाने नंबर लिहून आणला होता. मी तोच उतरवून घेतला...”

“म्हणजे तपासलं नाहीत!”

“पण गाडी विमानाकडे निघाली असेल आता. वरून परवानगी लागते. साहेब जेवायला गेलेत. मी एकटा कसं काय...”

“फोन उचला!”

कोण ओरडलं, हे मुलांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी पाहिलं, तर आजोबा दोन्ही हात खिडकीवर टेकून उभे होते.

“मी एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला घाबरलो,” आजोबा म्हणाले, “म्हणून माझी मांजर तिथे आहे. आता तुम्ही घाबरू नका. फोन उचला. काही झालंच, तर माझं नाव सांगा.”

कारकुनाने फोन उचलला.

त्यानंतरचं वाट पाहणं ताई कधीच विसरणार नव्हती. बाहेर एक विमान गडगडत वर गेलं आणि टिल्लूने डोळे गच्च मिटून घेतले. “ते होतं का? ते होतं का गं, ताई?” घड्याळ तीनवर आलं, तीन दहावर आलं. आजोबा भिंतीला टेकून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. शाईच्या डोळ्यांचा रंग ते आठवत होते.

पत्र्याचा दरवाजा करकरला. पिवळं जाकीट घातलेल्या हमालीणबाई पिंजरा छातीशी धरून आल्या.

“ही कोणाची हो मांजर? पिंजऱ्याची जाळी चावून तोंडातून रक्त काढलंय हिने! मला तर हात लावू देईना!”

आतल्या कोपऱ्यात एक काळा गोळा थरथरत होता. ताईने “शाई!” म्हटलं, तर गोळ्यातून फिस्स असा आवाज आला. टिल्लूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आपल्याला ओळखत नाही!

आजोबा गुडघ्यांवर बसले. खिशातून एक छोटं पुस्तक काढून त्यांनी ते जमिनीवर उघडून ठेवलं आणि पिंजऱ्याचं दार सरकवलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग एक पंजा बाहेर आला. मग दुसरा. शाई सरपटत बाहेर आली, पुस्तकावर चढली आणि बरोबर मजकुराच्या मधोमध अंग चोरून बसली.

यंत्र फिरलं. टुंईं! “चार, एक, सात,” कारकून हळूच म्हणाला.

टिल्लूने शाईला उचललं, तेव्हा तिने त्याच्या हातावर बारावा ओरखडा काढला. तो इतका आनंदाने ओरडला, की हमालीणबाई घाबरल्या!

जेवून परतलेल्या साहेबांनी सगळी हकिगत उभ्या उभ्याच ऐकली. परक्या मांजरीला तिच्या पिंजऱ्यात घातलं, आणि ती वेळेवर विमानाकडे रवाना झाली. मग साहेबांनी तिन्ही मुलांशी हात मिळवले. “आमच्या यंत्रावरची धूळ तुम्ही झटकलीत,” ते म्हणाले. “आजपासून प्रत्येक पिंजरा माझ्यासमोर तपासला जाईल. आणि त्या पाळणाघराबद्दल मी तक्रार करणार आहे. असला हलगर्जीपणा!”

“नको,” आजोबा म्हणाले. मग त्यांना स्वतःचाच संकोच वाटला, पण ते थांबले नाहीत. “त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं नाही.”

घरी आईने आधी सगळ्यांना रागावून घेतलं आणि मग कुशीत घेतलं. “मी तर शाईला पिंजऱ्यात बसलेली बघून खूश झाले असते गं,” ती ताईला म्हणाली. “तुम्हाला शंका आली, हेच मोठं!” बाबा म्हणाले, “आमच्यापेक्षा तुम्हीच कागदपत्रं सांभाळा आता.” शाई बाथरूममध्ये लपून बसली होती. पिंजऱ्याचं नाव कोणी काढत नव्हतं. परवा तिला त्यात बसवायचं कसं, हा प्रश्न उरलाच होता.

ऊन उतरायच्या आत आजोबा खुर्चीत बसले आणि मांडीवरच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहू लागले. एकदाच लिहिलं, फाडलं नाही.

‘आपल्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. त्यामुळे जे घडलं, त्यात चूक माझी आहे. कोणी आपल्याला बोल लावला, तर हे पत्र दाखवावं. आपण खूण विचारली होती. आमची मांजर पिंजऱ्यात आपणहून जात नाही. डोळे हिरवे आहेत.’

मुलं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत त्यांच्याबरोबर गेली. आजोबांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि ते थबकले.

“‘आहेत’च्या पुढे पूर्णविराम दिला का मी?”

“आजोबा!” तिघं एकदम ओरडली.

आजोबांनी पाकीट सोडून दिलं.