सहाव्या दिवसाचं कपाळ

जखमा शिवायचा गर्भधागा आला आणि माणसांच्या अंगावरच्या खुणा नाहीशा होत गेल्या. शाळेतल्या मुलांना 'व्रण' हा शब्द आता शब्दकोड्यातच भेटे. सायलीताई मात्र एकाहत्तर वर्षांच्या, खुणांच्या काळातल्या. डाव्या भुवईच्या वर चंद्रकोरीसारखा व्रण होता. आठव्या वर्षी तन्मयदादाची बॅट लागली होती. दादाची स्मृती गेली त्याला तीन वर्षं झाली. तो पोटच्या मुलांनाही ओळखत नसे. पण सायलीताईंच्या कपाळावरून अंगठा फिरवला की म्हणे, "सायू, लागलं का गं फार?" त्यांची सगळी भाऊबीज एवढ्या एका वाक्यात होती.

त्या व्रणाशेजारीच गाठ उगवली. दिवाळीआधी ती काढून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं.

"पाचव्या दिवशी टाके काढायला या. सहाव्या नाही," गाठ काढून गर्भधाग्यानं टाके घातल्यावर डॉ. ओझरकर म्हणाल्या.

"एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"काकू, पोटातल्या बाळाला जखम झाली, तर खूण राहत नाही. त्या कातडीला खूण ठेवणं अजून येतच नसतं. हा धागा तुमची कातडी त्या वयात नेतो. पाच दिवसांत ती नवी जखम विसरते. साधे टाके जास्त दिवस राहिले तर वळ उठतात. हा राहिला, तर कातडी आजूबाजूचं जुनंही विसरायला लागते."

सायलीताईंनी मान डोलावली, पण कानात शिरला तो फक्त 'बाळ' हा शब्द. पुढचे दिवस त्या तरंगतच होत्या. कपाळ कोमट, मऊ झालेलं. डोळे मिटले की पाण्यापलीकडून कुणीतरी गुणगुणतंय असं वाटे. फार बरं वाटे.

पाचवा दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा. त्यात अमावास्या. सणासुदीला कपाळाला कात्री लावायची? "छे! उद्या पाडव्याला जाऊ," त्या म्हणाल्या आणि करंज्या तळायला बसल्या.

पाडव्याला धागा निघाला. गाठ नाही, शिवण नाही. सायलीताई आरशात बघून हरखल्या. मग बोट भुवईवर गेलं. तिथंही काही नव्हतं.

"काल का नाही आलात?" डॉक्टर हळूच म्हणाल्या.

सटवाई सहाव्या दिवशी कपाळावर लिहून जाते म्हणतात. सायलीताईंचं सहाव्या दिवशी पुसलं गेलं, आणि तेही त्यांच्याच हातानं.

भाऊबिजेला त्या ताम्हण घेऊन दादासमोर बसल्या. त्याचा अंगठा कपाळावर आला. एकदा फिरला, पुन्हा फिरला, थांबला. त्यानं हात मागे घेतला.

"माफ करा हं बाई. मला वाटलं, सायू आली."

"दादा, अरे मीच!"

तो पाहुण्यांकडे बघून हसावं तसा हसला. "तिच्या इथं खूण आहे. माझ्याच बॅटची. येईलच ती, भाऊबीज चुकवायची नाही. ओवाळणं तेवढं ती आल्यावर. तुम्ही बसा ना."

निरांजन तेवत होतं. सायलीताईंनी ताम्हण खाली ठेवलं. "बसते," त्या म्हणाल्या.

दादानं सरकून त्यांना जागा करून दिली, आणि दोघं दाराकडे बघत सायूची वाट पाहू लागले.