फादर वेंडेलिनचं थांबणं

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या मराठी मंडळींत ऑर्गन वाजवणारी एकच बाई होती, सुमेधा. वाजवायचीही फक्कड. जन्म इथलाच, शाळेपासून चर्चच्या ऑर्गनवर शिकलेली. नवरा प्रमोद मूळ नाशिकचा, शेजारच्या रीडिंग शहरात आयटीत. लग्न केलं आणि बिचाऱ्याच्या घरात आणखी एक माणूस कायमचा मुक्कामाला आला, फादर वेंडेलिन.

हा वेंडेलिन शेकडो वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती साधू. बव्हेरियाच्या डोंगरातल्या मठात ऑर्गन वाजवायचा, रचनाही स्वतःच्याच. आज त्याला कुत्रं विचारत नाही. त्या काळी रीत अशी होती, की प्रार्थनेची एक ओळ ऑर्गनवर वाजायची आणि पुढची साधू गायचे, आळीपाळीने. पुढे मठात प्लेग शिरला. गाणारे एकेक करत सगळे गेले, हा एकटा उरला. पण पठ्ठ्याने रीत मोडली नाही. आपली ओळ वाजवायची, हात मांडीवर ठेवायचे, गेलेल्यांची ओळ मनात पूर्ण होऊ द्यायची, मगच पुढची वाजवायची. त्याची सगळ्यात सुंदर रचना त्याच दिवसांतली. काय माणूस असेल हो! हे सांगताना सुमेधाला दर वेळी गहिवरून यायचं.

ती रचना आजवर कुणी रेकॉर्डच केली नव्हती. आणि तिला हवा तसा वाजणारा, जवळच्या चर्चमधला जुना ऑर्गन तर सोमवारी सुटा होऊन जाणार होता. इमारतीचे फ्लॅट होणार होते. म्हणून शनिवारी दुपारी प्रमोदने माइक लावले आणि तिने जीव ओतून वाजवलं. वेंडेलिनचं नाव उरलं तर या एका रेकॉर्डिंगमुळेच उरणार होतं.

रविवारी दुपारी प्रमोद किचनच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला. कुकरची वाफ खिडकीवर जमली होती.

“अगं, मधे मधे केवढे गॅप्स आहेत! लोक स्किप करतील. कापतो मी.”

“अजिबात नाही. इट्स देअर टर्न.”

“कुणाचा टर्न? सगळे मेलेत ते.”

“त्यालाही माहीत होतं ते. तरी थांबायचा ना?”

प्रमोदने हात जोडले. पण ती कपडे वाळत घालायला बागेत गेली, तशी त्याने गुपचूप एकूण एक शांतता कापून टाकली. नवऱ्यांची जातच अशी.

ती परत आली तेव्हा तो कपाळाला आठ्या घालून बसला होता.

“सॉफ्टवेअर गंडलंय. हे बघ, मी गॅप काढलाय. स्क्रीनवर नाहीये. आता ऐक.”

“कापलंस? प्रमोद, तू ना!” ती भडकली. पण ऑर्गनची पहिली ओळ संपली आणि शांतता आली. होती तेवढीच, पुरती. मग दुसरी ओळ.

त्याने पुन्हा कापलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला. शांतता हलेना.

“आवाज वाढव,” सुमेधा म्हणाली.

पहिल्या शांततेत श्वास ऐकू आले. गाण्याआधी पुष्कळ माणसं एकदम घेतात तसे. चर्चमध्ये तर ती दोघंच होती. किचनमध्ये ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास आला.

दुसऱ्या शांततेत श्वास कमी होते.

तिसऱ्या शांततेत आणखी कमी.

सुमेधाला समजलं, आणि भीतीआधी रडूच आलं. असं, एकेक आवाज गळताना ऐकत, तो माणूस वाजवत राहिला होता. कुठून आणलं असेल एवढं बळ?

पुढच्या शांततेत एकच श्वास होता. त्याच्या पुढच्या शांततेत कुणीही नव्हतं.

“बंद कर रे,” ती म्हणाली. प्रमोदने पॉज केलं. ती डोळे पुसत चहाचं आधण ठेवायला वळली.

तिच्या पाठीमागे कुणीतरी गाऊ लागलं. खालच्या पट्टीत, संथ, लॅटिनमध्ये.

प्रमोद गात होता. गणपतीच्या आरतीतही नुसत्या टाळ्या वाजवणारा प्रमोद. सूर कुठेही हलत नव्हता.

“प्रमोद? अरे, हे काय?”

त्याने ओळ पूर्ण केली. स्क्रीनवर पॉज तसाच होता, आणि ऑर्गन वाजू लागला. पुढची ओळ. तिचेच हात, तिचंच वाजवणं.

प्रमोदची नजर लॅपटॉपवर होती. आपल्या टर्नची वाट बघत होता तो.

तिने त्याला गदागदा हलवलं. तो हलला, पण नजर हलली नाही.

दुसरी प्रत नव्हती. सुमेधाने क्षणभर डोळे मिटले, मनातल्या मनात वेंडेलिनची क्षमा मागितली आणि रेकॉर्डिंग डिलीट केलं.

ऑर्गन ओळीच्या मध्यावर तुटला.

“प्रमोद,” ती म्हणाली. “संपलं. बघ माझ्याकडे.”

प्रमोदने पुढच्या ओळीसाठी छाती भरून श्वास घेतला होता. मध्येच तुटलेली ऑर्गनची ओळ संपण्याची तो शांतपणे वाट बघत होता.

चहाचं पाणी उकळलं. तो श्वास सोडत नव्हता.