पार्बताबाईचा ओघळ

हेमराज नाकाडे अक्षरांना घाम फोडतो, असं वडशाची नाटकवाली मंडळी म्हणत. झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं तो टॅबवर रंगवी. भुताचं नाटक असलं की नावाच्या शिरोरेषेपासून तीन ओघळ सोडायचे, तिन्ही कमीजास्त लांबीचे, मान बारीक, टोकाचा थेंब जड; आणि सगळीच अक्षरं गळू द्यायची नाहीत. एवढीच त्याची विद्या, पण ती वनखात्याच्या कानावर गेली.

त्या साली जंगलातल्या झाडांवर ‘कानोसे’ टांगले होते. नारळाएवढी ही यंत्रं वानरांचं खेकसणं आणि चितळांची ओरड ऐकून वाघ किती अंतरावर आहे ते ताडत, आणि गावच्या वेशीवरच्या वीजपाटीवर ‘वाघ’ हा शब्द उमटवत. अडचण अशी की गवताला, सरपणाला जाणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना न वाचता कळेल असं अक्षर खात्याला हवं होतं.

हेमराजने बारा ओघळ रंगवले आणि आईला समोर बसवलं. पार्बताबाईला अक्षरओळख नव्हती. अकरा ओघळ तिने सुपारी कातरत पाहिले. बारावा पडद्यावर उतरू लागला, तशी ती पाटासकट मागे सरकली. त्या रंगाला त्याने रक्ताचा दाटपणा दिला होता. वाघ जितका जवळ, तितका ओघळ जाड आणि संथ. तोच पसंत झाला. लाल सांडताना दिसलं की मागं फिरायचं, हे त्याने तिला बजावलं आणि तिने ते पदराला गाठ मारून ठेवलं. पावसाळ्यात ती दोनदा परतली. दोन्ही वेळा वेशीजवळ पंजाचे ठसे सापडले.

दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम आला. वाघ नसेल तेव्हा पाटीवर जाहिराती दाखवायच्या असं गावसमितीने ठरवलं, आणि मिसारांच्या नाटकमंडळीचं ‘विहिरीतली सून’ पाटीवर झळकवायचं काम हेमराजकडे आलं. नवा ओघळ काही केल्या जमेना. बारावा त्याच्या हातून उतरलेला सगळ्यात देखणा ओघळ होता, आणि कलावंताला आपलं देखणं मिरवल्यावाचून राहवत नाही. त्याने तोच घेतला.

तीन दिवस ओळीने पार्बताबाई विळा घेऊन निघाली आणि वेशीवरून रिकाम्या हाताने परतली. बायका तिला हसल्या. तिसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन लेकापुढे उभी राहिली.

“बाबू, तूच त सांगतलं होतं, लाल सांडलं का मागं फिरजो.”

“ते नाटकाचं आहे, माय. रविवारपर्यंत लाल दिसलं त नाटकाचंच समजजो. बिनधास्त जाय.”

बोलताना त्याने पडद्यावरून नजरही उचलली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती गेली. दुपारी वनरक्षक कोवेबाई तिचा विळा आणि एक चप्पल घेऊन दारात आल्या. त्यांनी पाटीची नोंद दाखवली. कानोशांनी वाघ दोनशे पावलांवर सांगितला होता, पाटीने लगेच जाहिरात बाजूला सारून ‘वाघ’ लिहिलं होतं आणि सर्वांत जाड ओघळ सोडला होता. पाटीवरच्या कॅमेऱ्यात पार्बताबाई दिसत होती. तिने थांबून वर पाहिलं, एक पाऊल मागे घेतलं. मग स्वतःशीच हसली, पदर खोचला आणि पुढे गेली. यंत्र कुठेच चुकलं नव्हतं.

मातीला आलेल्या एका म्हाताऱ्याने सवयीने म्हण काढली, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, आणि तिथेच जीभ चावली. हेमराजने उरलेली मनात पुरी केली. दुःख तर होतंच, आणि काळही सोकावला होता, त्याच्याच हाताने.

महिन्याने कोवेबाई पुन्हा आल्या. जुन्या ओघळाला आता कुणी भीत नव्हतं. लोक त्याखाली उभे राहून फोटो काढत. खात्याला नवा हवा होता, याहून भयंकर. आपल्याच्याने होणार नाही, असं हेमराज म्हणाला. कोवेबाईंनी आग्रह केला नाही.

“रोज चाळीस बाया जंगलात जातात, भाऊ,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर त्याने टॅब मांडीवर घेतला. दुपारपर्यंत बरेच ओघळ झाले आणि त्याला ते सगळे सारखेच दिसू लागले. समोर पाट होता, त्यावर अडकित्ता तसाच पडलेला. आणखी एक ओघळ जड होऊन पडद्यावरून सावकाश उतरला. तो वाघाचा झाला की नुसता नाटकाचा, हे आता कुणाला समोर बसवून बघायचं?