उघाडीतला घोडा

"आत!" लवू ओरडला.

"बाहेर!" मालन म्हणाली.

"आत, आत, आत! मौजनगरीच्या आत राहणाऱ्यांच्या गळ्यात लाल पट्टा असतो. पट्टा असला की आकाशपाळण्यात कितीही वेळा बसा, कोणी हटकत नाही!"

"आणि बाहेर सगुणामावशीचं घर आहे."

"घर तर आपलंही आहे! मग इथेच राहू की दापोलीत!"

बाबा वळकटी बांधता बांधता ऐकत होते. पूर्वी असं भांडण लागलं की तेही मुद्दाम लवूच्या बाजूने ओरडायचे आणि आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन यायची. दिवाळीच्या आधी आई गेली. तेव्हापासून बाबा भांडणं नुसती ऐकत.

मौजनगरी आईच्या माहेरगावी होती. नाटे गावाच्या जरा पुढे, खाडीच्या बांधाला लागून गेल्या थंडीत ती उभी राहिली. आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, होड्यांचं तळं, आणि आतच राहायला झावळ्यांच्या कुट्या. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिची ओढ वेगळीच होती. माहेरचं घर बंद पडलेलं, मामा मुंबईला. पण शेजारची बालमैत्रीण सगुणा अजून तिथेच होती. "सगुणेच्या विहिरीचं पाणी एकदा प्यायलात ना, की सरबत नको म्हणाल!" आई सांगायची. "पुढच्या मे महिन्यात नक्की जायचं."

तो पुढचा मे महिना आता आला होता.

बाबांनी वळकटीची गाठ आवळली. "मालन म्हणते तसं. बाहेर राहू," ते हळूच म्हणाले. लवूने गाल फुगवले, ते एस.टी.तून उतरेपर्यंत तसेच!

सगुणामावशी वाटेवरच उभी होती. तिने मालनची हनुवटी धरली आणि नुसतं बघत राहिली. "तोंडवळा तोच गो बाय," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. तिच्या मागे तिची मुलगी काशी उभी होती, मालनच्याच वयाची, दोन घट्ट वेण्यांची.

मावशीने गूळपाणी आणलं. गुळाचा खडा मात्र केवढा थोरला! "आधी गूळ खावा रे पोरांनो," ती घाईघाईने म्हणाली. पण लवू कसला ऐकतोय! त्याने सरळ तांब्याच तोंडाला लावला आणि पुढच्या क्षणी अंगणभर फुर्रकन चूळ उडवली.

"शी! खारट!"

"लवू!" बाबा ओरडले.

"खारटच आहे! सरबत नको म्हणाल म्हणे! आई खोटं बोलायची!"

मालनचा हात उगारला गेला. पण तिनेही घोट घेतला होता आणि तिच्याही जिभेवर तीच मचूळ, खारट चव होती. हात तसाच खाली आला. आईचं आता एवढंच तर उरलं होतं, तिने सांगितलेल्या गोष्टी. त्याच खोट्या निघाल्या तर मग काय उरलं?

"नाय रे बाबा," सगुणामावशी खाली बसत म्हणाली. "तुजी आई खरंच बोलत होती. साखरेसारखं पाणी होतं. शिमग्यापासून असं झालंय. काशीचे बाबा गेले दर्यात, नि त्यांच्या पाठून पाणी पण गेलं. चहा नासतो म्हणून आमच्याकडं उतरलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी आत कुट्यांत जातात. त्यांचा तरी काय दोष?"

लवूला ते पटलं नाही. भिंतीकडे तोंड करून झोपताना तो पुटपुटला, "मोठी माणसं मागाहून काहीही सांगतात."

दुसऱ्या दिवशी तिघं मुलं मौजनगरीत गेली. बिनपट्ट्याची! लवू धावला तो थेट घोड्यांच्या चक्राकडे. निळा घोडा, पिवळा घोडा, हिरवा घोडा... आणि मध्येच एक नुसताच दांडा!

"इथला घोडा कुठाय?"

"गुलाबी होता," काशी म्हणाली. "सगळ्यात देखणा. शिमग्याच्या आधी होता इथंच."

"तो ना? पाय मोडला त्याचा. दुरुस्तीला गेलाय रत्नागिरीला!" मागून आवाज आला. काळा चष्मा, गळ्यात शिट्टी, तोंडात पान. मौजनगरीचे मॅनेजर! "कुठे उतरलात? बाहेर? अरेरे! बाबांना सांगा, आत या. बाहेरचं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणतात."

मालनला राग आला. पण खोटं काय बोलले होते ते?

मग तिघं होडीत बसली. काशीने वल्हं हातात घेतलं आणि होडी अशी काही वळवली की काठावरचे लोक बघत राहिले. तेवढ्यात पाण्यातून एक चकचकीत मासा उडाला आणि धप्पकन लवूच्या मांडीवर पडला!

"आई गं!"

"अरे, बोय ती!" काशी हसली. आणि हसता हसता थांबली. "पण बोय इथं कशी?"

"का? तळ्यात मासे असतातच की."

"बोय खाडीत असते. मॅनेजर तर सांगतात, बोअरिंगचं गोडं पाणी भरलंय."

लवूने बोट पाण्यात बुडवलं आणि चाटलं. त्याचे डोळे मोठे झाले. "ताई! सगुणामावशीच्या तांब्यासारखं लागतं! त्याहून जास्त!"

मालनने आजूबाजूला पाहिलं. मे महिना. ओढे आटलेले, शेतांत भेगा पडलेल्या, आणि हे तळं मात्र काठोकाठ! तळ्याच्या पलीकडे सगुणामावशीचं परसू आणि परसात ती विहीर. मध्ये जेमतेम माडांची एक रांग.

"काशी, खाडीचं पाणी बांधाच्या आत येतं कुठून?"

"येत नाय. बांध आहे ना." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आलंच तर उघाडीतून."

"उघाडी म्हणजे?"

"बांधातलं लाकडी दार. ओहोटीला आतलं पाणी ते दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचं पाणीच ते दार दाबून बंद करतं. आपोआप! बाबांनी दाखवलं होतं." वल्हं तिच्या हातात तसंच राहिलं. "दर अवसेला उघाडीवर राखणदाराला नारळ ठेवायचा आणि दार बघायचं. ती राखण आमच्या घराकडं. मी बाबांबरोबर नारळ घेऊन जायची."

"आता कोण जातं?"

"ठाऊक नाय. मी नाय गेले परत."

"मग आपण जाऊ!" लवू उठून उभा राहिला आणि होडी अशी डुलली की तिघांची आंघोळच व्हायची!

ओहोटी पाहून तिघं बांधावर चढली. एका बाजूला खाडीचा काळा चिखल, दुसऱ्या बाजूला मौजनगरीच्या रंगीत पताका. उघाडी दिसू लागली तशी काशी थांबली. "तुमी व्हा पुढं. मी हितंच थांबते," ती म्हणाली. मालनने आग्रह केला नाही. आईचं कपाट उघडायला ती स्वतः अजून धजली नव्हती.

लवू मात्र माकडासारखा खाली उतरला होता. त्याची किंकाळी आली.

"ताई! घोडा! गुलाबी घोडा!"

दगडी तोंडात लाकडी दार अर्धवट उघडं होतं आणि दाराच्या फटीत, आडवा, तारेने आवळून बांधलेला, तोच तो घोडा! रंग उडालेला, पोटाला शेवाळ, एक डोळा वर आभाळाकडे. रत्नागिरीला दुरुस्तीला गेलेला!

"दार मिटू नये म्हणून पाचर मारलीय!" मालन ओरडली. "भरती आली की पाणी सरळ आत! होड्यांसाठी! तळं भरलं, आणि तेच पाणी मुरत मुरत..."

विहीर मुळात खारी नव्हती. आई खोटं बोलली नव्हती!

लवू तोवर घोड्यावर स्वार झाला होता. "बिनपट्ट्याचं! फुकट!" तो ओरडत होता.

"लवू, खाली ये! भरती लागलीय!"

खरंच, चिखलातल्या चरांमधून पाणी सळसळत आत येत होतं. लवूने उडी मारली आणि मांड्यांपर्यंत चिखलात रुतला. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खोल! पाणी त्याच्या कमरेला लागलं. मालन धावली, पण तिचाही पाय रुतला.

"ताई!" आता त्याच्या आवाजात मस्ती नव्हती.

"हलू नको! हलू नको रे!" काशी बांधावरून धावत आली. क्षणभर ती दगडांपाशी अडखळली. मग तिने तिथली झावळी ओढली, चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पालथी पडली आणि लवूचे दोन्ही दंड धरले. "आडवा हो! पोहतोस तसा! मालन, माझे पाय ओढ!"

लवूने एका हाताने घोड्याचा कान पकडला होता. काशीने ओढलं, मालनने आपला पाय उपसून तिला ओढलं, काड्कन आवाज झाला आणि तिघं एकमेकांवर कोसळली. लवू सुटला होता. त्याच्या मुठीत घोड्याचा गुलाबी कान होता!

काशी दगडावर बसून रडायला लागली. "बाबा असेच शिकवायचे. चिखलात रुतलं तर झावळी टाक, म्हणायचे." मालनने तिच्या पाठीवर चिखलाचा हात ठेवला आणि तीही रडली. लवू दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

मग मालनने नाक पुसलं. "कान दे इकडे," ती म्हणाली. "नाही, तुझ्याकडेच ठेव. काम तुझंच आहे."

संध्याकाळी मौजनगरीत गर्दी होती. गावातले सगळ्यांत वडीलधारे रावजीआजोबाही नातवंडांना घेऊन आले होते. काशीने त्यांना चक्रापाशी आणून उभं केलं. बाबा आणि सगुणामावशी शेजारी होती. चिखलाने माखलेला लवू मॅनेजरांसमोर गेला आणि अगदी गरीब गायीसारखं तोंड करून म्हणाला,

"साहेब, तो गुलाबी घोडा रत्नागिरीलाच आहे ना?"

"हो रे बाळ. सांगितलं ना?"

"मग त्याचा कान उघाडीत कसा?"

आणि त्याने कान वर धरला!

मॅनेजरांचं पान घशातच अडकलं. "हा... हा कुठला तरी जुना..."

"बाकीचा घोडा पण तिथेच आहे! तारेने बांधलेला! चला, सगळ्यांना दाखवतो!"

गर्दी हसली. पण रावजीआजोबा हसले नाहीत. त्यांनी कान हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि काठी टेकत थेट बांधाकडे निघाले. मागोमाग सारा गाव! उघाडीत भरतीचं पाणी घोड्याच्या अंगावरून खळखळत आत शिरत होतं. सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

मॅनेजरांनी चष्मा काढला. "मे महिन्यात होड्यांना पाणी कुठून आणायचं हो? थोडंसं आत घेतलं तर काय बिघडेल, असं वाटलं. विहिरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुमची चूक हाय, नि ती तुमी निस्तराल," रावजीआजोबा म्हणाले. "पन आमची कमी नाय. शिमग्यापासून हितं कोन फिरकला? राखण काशीच्या बापाच्या, दाजीच्या घराकडं. दाजी गेला. दुसऱ्यानं नारळ ठेवायचा म्हंजे त्या घरात आता कोन नाय, असं म्हनायचं. कुनाची जीभ रेटली नाय."

"अहो, मला वाटलं तुमी जाताव!" सगुणामावशीचा आवाज फुटला. "कुनी मला सांगत नाय, ते माज्या जिवाला लागू नये म्हणून!"

सगळ्यांनी एकमेकांचं मन जपलं होतं आणि त्या जपण्यात विहीर गेली होती.

पाणी ओसरल्यावर गड्यांनी तार तोडली, घोडा बाहेर काढला. दार कुरकुरलं आणि मोकळं झालं. सगुणामावशीने घरून नारळ मागवला. रावजीआजोबांनी तो काशीच्या हातात दिला. "दाजीचं घर रिकामं नाय. ठेव बाय." तिने तो दगडावर ठेवला, हात जोडले. मग आजोबांनी नारळ वाढवून खोबऱ्याची पहिली तीन भकलं मुलांना दिली. "मोठ्यांना दिसलं नाय ते ह्या पोरांनी बघितलं! शाबास रे!" लवूच्या गालावर खोबरं आणि चिखल एकदमच लागलं.

"आता उद्या पाणी गोड होईल?" त्याने विचारलं.

"नाय रे पोरा. मुरलेलं मीठ असं जात नाय. पाऊस लागंल, जमीन धुऊन निघंल, तवा."

निघायच्या सकाळी मालनने विहिरीचं पाणी मागून घेतलं आणि तांब्याभर, खारट, तसंच्या तसं प्यायली. बाबाही प्यायले. लवू मात्र दारातच उभा राहिला. बस सुटल्यावर त्याने विचारलं, "पाऊस पडूनही खारटच राहिलं तर?"

गणपती गेले. एका दुपारी दापोलीच्या घरासमोर काठी वाजली. रावजीआजोबा! कृषी विद्यापीठातून माडाची रोपं न्यायला आले होते. खांद्यावर एक कळशी, तोंडाला केळीचं पान बांधलेली. एवढ्या एस.टी. बदलून, मांडीवर घेऊन आणलेली!

"काशीनं सकाळी शेंदलंन. दर अवसेला तीच जाते आता उघाडीवर. म्हनाली, आधी लवूला द्या."

लवूने भांडं घेतलं. एक घोट घेतला. आणखी एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मालनला वाटलं, झालं! पुन्हा खारट!

"ताई," तो म्हणाला, "गोड आहे गं."

मग तो उठला. उरल्या पाण्याचं भांडं दोन्ही हातांत धरून, एक थेंब सांडू न देता आत गेला आणि आईच्या फोटोपुढे ठेवलं.

"आई, मी तुला खोटी म्हटलं होतं," तो म्हणाला. "पी ना."

बाबा दारापर्यंत आले आणि तिथेच चौकट धरून उभे राहिले. मालनने लवूला जवळ घेतलं. आई गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता. आता मात्र तो हमसून हमसून रडत होता.